भयकथांचें सहवाचन

पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरीं असलेल्या गुणाढ्य पंडिताची हकीकत सोमदेवाच्या कथासरित्सागरांत आलेली आहे. एका पैजेंत हार खावी लागल्यामुळें त्यानें संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषांचा त्याग केला, विंध्याच्या अरण्यांत जाऊन काणभूति नांवाच्या पिशाच्चाच्या तोंडून अद्भुत कथा ऐकल्या आणि शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्तानें त्या सात लक्ष श्लोकांत लिहून काढल्या. भाषा पैशाची, म्हणजे पिशाच्चांचीच. राजानें हा ग्रंथ तुच्छ लेखून परत पाठविला. तेव्हां गुणाढ्यानें अग्निकुंड पेटविलें आणि एकेक पान मोठ्यानें वाचून तें अग्नींत टाकण्यास आरंभ केला. ऐकावयास दोन शिष्य आणि चारापाणी विसरून भोंवतीं जमलेले अरण्यांतील पशुपक्षी. राजा पश्चात्तापानें धांवत येईपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. एक लक्ष तेवढे उरले.

ही दंतकथा आहे, आणि मूळ बृहत्कथाही आज उपलब्ध नाहीं. तथापि अद्भुताचा व भयाचा लेखक, त्याचें अवाढव्य लेखन, विद्वानांची उपेक्षा आणि तरीही भोंवतीं कोंडाळें करून बसलेले श्रोते हें चित्र महाराष्ट्राच्या भूमींत इतक्या जुन्या काळीं रेखाटलें गेलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण मराठींत भयकथा हेंच ज्यांनीं आयुष्याचें मुख्य लेखनकार्य मानलें, त्या नारायण धारपांच्या वांट्यालाही पुष्कळसें असेंच आलें. शंभरांहून अधिक पुस्तकें, वाचकांचें अपार प्रेम, आणि वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत मात्र जेमतेम एखादी ओळ.

भयाची गोष्ट चारचौघांत सांगावयाची, ही रीत वऱ्हाडला नवी नाहीं. आजचा यवतमाळ जिल्हा 1905 पूर्वीं वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असे. वर्धा आणि पैनगंगा ह्या नद्यांच्या बेचक्यांतील हा कापसाचा आणि सागवानाचा मुलूख. ह्याच वऱ्हाडांत, रिद्धपूर येथें, तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटानें चक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र केल्या, त्या एकांतांत बसून नव्हे, तर आठवणी असलेल्या अनेकांना गांठून, विचारून व पडताळून. महानुभाव परंपरा सांगते कीं भडोचच्या हरपाळदेवाचा देह स्मशानांत नेलेला असतांना द्वारावतीच्या चांगदेव राउळांनीं त्यांत प्रवेश केला आणि मृत राजपुत्र उठून बसला. श्रद्धावंताला हा अवतार आहे. पण नुसती कथा म्हणून कोणी ती प्रथमच ऐकली, तर चितेजवळचा तो क्षण अंगावर कांटा आणल्यावांचून राहत नाहीं. हा पंथ आपल्या पोथ्या सांकेतिक लिपींत लिहीत असे. पुढें त्या लिपीची किल्ली सांपडली, आणि ह्या वाङ्मयाच्या संशोधनांत यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे आणि तेथील शारदाश्रम ह्यांनीं मोठा वांटा उचलला. गूढ मजकूर अनेकांनीं मिळून उलगडण्याचें काम ह्या जिल्ह्याच्या गांवानें अशा रीतीनें फार गंभीरपणें केलेलें आहे.

छापखान्याच्या युगांत अद्भुतानें नवा वेष घेतला. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत जॉर्ज रेनॉल्ड्स (1814 ते 1879) ह्या लेखकानें हप्त्याहप्त्यानें कादंबऱ्यांचा पाऊस पाडला होता. लांडग्याचें रूप घेणारा मनुष्यही त्याच्या एका कादंबरीचा नायक आहे. ह्या रेनॉल्ड्सला मराठी पोशाख चढविला गोविंद नारायणशास्त्री दातार (1873 ते 1941) ह्यांनीं. त्यांच्या ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवन गुहा’ ह्यांसारख्या कादंबऱ्यांनीं कित्येक पिढ्यांची झोंप उडविली. नंतर बाबूराव अर्नाळकर आले. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर सांगतात. झुंझार आणि काळा पहाड हीं नांवें ज्या घरीं माहीत नव्हतीं असें घर विरळा. परंतु रहस्यकथा आणि भयकथा ह्यांत एक मूलभूत भेद आहे. रहस्यकथेंत शेवटच्या पानावर सर्व उलगडा होतो आणि वाचक निश्चिंत होतो. भयकथेंत उलगडा होतो आणि तेथूनच निश्चिंतपणा नाहींसा होतो.

हा भेद पुरता ओळखला धारपांनीं. त्यांचा जन्म 27 ऑगस्ट 1925 चा, मृत्यु 18 ऑगस्ट 2008 चा. शिक्षण विज्ञानाचें. त्याचा त्यांच्या लेखनाशीं संबंध नाहीं असें समजणें चुकीचें होईल. त्यांचें भूत हें पिंपळावरचें, पाय उलटे असलेलें, लिंबूमिरचीला भिणारें भूत नव्हे. आपल्या जगाला लागून दुसरें एखादें जग आहे, दोहोंमधील पडदा कोठें कोठें विरलेला आहे, आणि त्या फटींतून कांहींतरी आंत पाहत आहे, अशी त्यांची धारणा असते. ‘अनोळखी दिशा’ हें त्यांच्या कथासंग्रहाचें नांवच ह्या दृष्टीनें बोलकें आहे. त्यांनीं ‘नेनचिम’ आणि ‘गोग्रामचा चितार’ ह्यांसारख्या कादंबऱ्या लिहून विज्ञानाच्या प्रांतांतही संचार केला, तो ह्याच वृत्तीचा विस्तार होय.

त्यांच्या पात्रांत ‘समर्थ’ सर्वांत लोकप्रिय. अघोर शक्तींनीं ग्रासलेल्या माणसाच्या साहाय्याला जाणारा हा पुरुष, आणि त्याच्याबरोबर राहून त्याच्या हकीकती सांगणारे आप्पा. समर्थ एकटा असता तर तो केवळ मांत्रिक झाला असता. आप्पांच्या सामान्य, थोड्याशा भित्र्या, घरगुती डोळ्यांनीं त्याच्याकडे पाहतां आल्यामुळेंच तो वाचकाला आपला वाटतो. समर्थकथांचा दोष हा कीं समर्थ जिंकणार हें आधींच ठाऊक असतें. त्या दृष्टीनें ‘चेटकीण’ किंवा ‘लुचाई’ ह्यांसारख्या, समर्थ नसलेल्या कादंबऱ्या अधिक कठोर आहेत. तेथें वाचकाला हात धरावयास कोणी नाहीं.

‘लुचाई’चा उल्लेख आला म्हणजे स्टीफन किंग ह्या अमेरिकन कादंबरीकाराचा उल्लेख टाळतां येत नाहीं. रक्तपिपासूंच्या तावडींत सांपडलेल्या गांवाची त्याची कादंबरी 1975 सालची. ‘लुचाई’ तिच्यावर बेतलेली आहे. ‘शपथ’ ही त्याच्याच 1986 सालच्या एका प्रचंड कादंबरीवर आधारलेली. एका गांवांतील मुलांची टोळी एका अमानुष शक्तीशीं झुंजते, पुन्हां गरज पडल्यास परत येण्याची शपथ घेते, आणि प्रौढपणीं ती पाळते, असें मूळ कथानक आहे. म्हणजे मित्रांनीं मिळून भयाला तोंड देणें हाच त्या कादंबरीचा विषय! एवढ्यावरून धारपांना केवळ रूपांतरकार ठरविणें न्यायाचें नाहीं. दातारांनीं रेनॉल्ड्सला जसा मराठी संसार मांडून दिला, तसा धारपांनीं किंगला दिला. परक्या भयाला वाडा, माजघर, देवघर आणि आजी मिळवून देणें हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं.

आणि ह्या आजीचा प्रवास तर विलक्षणच झाला. किंगच्या एका कथेंत अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ एकटा राहिलेला मुलगा आहे. तिच्यावरून धारपांची ‘आजी’ आली. राही अनिल बर्वे ह्यांना 1993 सालीं नागझिऱ्याच्या अभयारण्यांत एका मित्रानें धारपांची कथा सांगितली. त्या वेळीं बर्वे शाळकरी वयाचे होते. त्या रात्रीच्या भयानें त्यांची पाठ सोडली नाहीं. 1997 मध्यें त्यांनीं पटकथेचा पहिला खर्डा लिहिला, आणि पुढें एकवीस वर्षांनीं, 12 ऑक्टोबर 2018 रोजीं, ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट प्रकाशांत आला. व्हेनिसच्या महोत्सवांत समीक्षक सप्ताहाचा आरंभ त्यानें झाला होता. इतक्या लांबच्या प्रवासाच्या मुळाशीं पुस्तक नव्हतें, तर विदर्भाच्या जंगलांतील एका मित्राचा आवाज होता.

युरोपांतही असेंच घडलेलें आहे. 1816 च्या पावसाळी उन्हाळ्यांत जिनिव्हा सरोवराच्या काठीं बायरन, शेली, मेरी आणि डॉक्टर पोलिडोरी हीं मंडळी घरांत अडकून पडली असतां त्यांनीं जर्मन भूतकथांचा एक संग्रह मिळून वाचला आणि प्रत्येकानें एकेक कथा लिहावी असें ठरविलें. मेरीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ 1818 त प्रसिद्ध झाली, पोलिडोरीची रक्तपिपासूची कथा 1819 त. दोघां मोठ्या कवींच्या हातून मात्र ह्या पैजेंत टिकाऊ असें कांहीं उतरलें नाहीं, हें सांगून टाकलेलें बरें.

धारपांचें समग्र लेखन मित्रांनीं मिळून वाचावयाचें म्हटलें, तर व्यवहारांत अडचणी पुष्कळ. ह्या पुस्तकांचा संसार मुख्यतः भाड्याच्या वाचनालयांत झाला. दिवसाला ठराविक पैसे देऊन नेलेलें पुस्तक एका रात्रींत संपवावयाचें, घरांतील दुसऱ्यानें पहाटे उचलावयाचें आणि दुपारीं परत करावयाचें. पानें सुटलेलीं, पुठ्ठा गेलेला, कधीं शेवटचें पानही गेलेलें. असल्या पुस्तकाचा शेवट ज्यानें आधीं वाचला असेल त्याच्याकडून ऐकावा लागे, आणि तो सांगतांना पदरचें चार शब्द घालीच. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानें गांवोगांवच्या वाचनालयांना अनुदान मिळूं लागलें, तरी हीं पुस्तकें जपून ठेवण्याच्या वर्गांत क्वचितच बसलीं. फाटलीं कीं तीं रद्दींत जात. पुढें साकेत प्रकाशनानें अनेक कादंबऱ्या पुन्हां छापल्या म्हणून आज क्रमानें वाचन करूं म्हणणाऱ्याला निदान आरंभ तरी करतां येतो.

यवतमाळ, पुसद किंवा वणीसारख्या गांवीं चार स्नेह्यांनीं असा संकल्प केला, तर पहिला वाद क्रमाचाच होईल: प्रकाशनाच्या क्रमानें वाचावें कीं समर्थकथा एकत्र घ्याव्यात? प्रकाशनाचा क्रम श्रेयस्कर होय, कारण त्यांत लेखकाची वाढ दिसते आणि पुनरुक्तीही दिसते. सलग वीस पुस्तकें वाचल्यावर धारपांची रचना वाचकाला पाठ होते. ओसाड वास्तु, नवा रहिवासी, पहिला लहानसा चमत्कार, अविश्वास, मग जाणत्याचा शोध. एकट्याला येथें कंटाळा येतो आणि तो पुस्तक खालीं ठेवतो. मंडळींत मात्र दुसरा कोणी तरी म्हणतो कीं ह्या वेळीं दार उघडण्याची जागा बदलली आहे, आणि सर्वजण पुन्हां मागचीं पानें चाळूं लागतात. भीति चौघांत वांटली म्हणजे कमी होते असें मानतात. तें वाचनाच्या वेळेपुरतें खरें आहे. बैठक मोडल्यावर प्रत्येकाला घरीं एकट्यानेंच जावयाचें असतें.

2018 च्या त्याच शरद ऋतूंत यवतमाळ जिल्ह्याच्या एका भागाला खरें भय म्हणजे काय हें ठाऊक झालें होतें. पांढरकवडा आणि राळेगांव ह्या टापूंत टी-1 ह्या वाघिणीच्या हल्ल्यांत सुमारें दोन वर्षांत तेरा माणसें दगावल्याचें सांगितलें जात होतें. ऐन कापूस वेंचणीच्या दिवसांत शेतावर एकट्यानें जाण्याची सोय उरली नव्हती. लोक जथ्यानें जात आणि दिवस मावळण्यापूर्वीं परतत. ‘तुंबाड’ प्रकाशित झाल्यावर तीन आठवड्यांनीं, 2 नोव्हेंबरला, ती वाघीण मारली गेली. शहरांतून तिच्यासाठीं हळहळ उठली, ‘अवनि’ हें नांव सर्वतोमुखीं झालें; गांवकऱ्यांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. दोन्ही भावना खऱ्या होत्या. भयाच्या गोष्टीची गोडी घेण्यास भयापासून कांहीं अंतर लागतें, आणि तें अंतर सर्वांना सारखें लाभत नाहीं, एवढें त्या दिवसांत स्पष्ट दिसलें.

मराठी साहित्य संमेलन यवतमाळला दोनदां भरलें. 1973 सालीं एकोणपन्नासाव्या संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. दुसरें ब्याण्णवावें, वाघीण मारली गेल्यानंतर दोनच महिन्यांनीं, 11 जानेवारी 2019 रोजीं सुरू झालें. अध्यक्षा अरुणा ढेरे. उद्घाटनासाठीं नयनतारा सहगल ह्यांना दिलेलें निमंत्रण मागें घेतल्यामुळें मोठा क्षोभ झाला आणि शेवटीं उद्घाटनाचा मान वैशाली येडे ह्यांना मिळाला. कळंब तालुक्यांतील राजूरच्या ह्या शेतकरी भगिनीच्या पतीनें आत्महत्या केली होती. त्यांनीं व्यासपीठावरून वऱ्हाडी बोलींत आपल्या घराची हकीकत सांगितली. तिच्यांत भूत नव्हतें, वाडा नव्हता. कर्ज होतें, आणि मागें राहिलेलीं मुलें होतीं. हजारोंचा तो समुदाय ती शेवटपर्यंत ऐकत राहिला.