१८३२ चा मुंबईतील कुत्र्यांचा दंगा

इतिहास म्हटला की लढाया, गड आणि राजे आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण गावच्या आणि शहराच्या इतिहासात पुष्कळदा अगदी साध्या गोष्टीवरून मोठे प्रसंग उद्भवतात. पाणवठा, गायरान, पायवाट, मशानभूमी अशा गोष्टींवरून गावे पेटल्याचे आपण ऐकले आहे. आज जी हकीकत सांगणार आहे ती कुत्र्यांची आहे. मुंबईच्या इतिहासात नोंदल्या गेलेल्या अगदी पहिल्या दंग्यांपैकी एक दंगा कुत्र्यांवरून झाला, असे सांगितले तर कोणाला हसू येईल. पण हकीकत पुरी ऐकल्यावर ती हसण्यासारखी नाही हे ध्यानात येईल.

साल १८३२. पेशवाई जाऊन चौदा वर्षे झाली होती. मुंबईवर कंपनी सरकारचा अंमल होता आणि अर्ल ऑफ क्लेअर हे गव्हर्नर होते. आजची मुंबई मनातून काढून टाका. तेव्हा मुंबई म्हणजे बेट, आणि बेटाच्या दक्षिण टोकाजवळ तटबंदीचा कोट. या कोटाला तीन मुख्य दरवाजे : अपोलो, चर्च आणि बाजार. कोटात दक्षिणेच्या अंगाला इंग्रजांची घरे व कचेऱ्या, तर उत्तरेच्या अंगाला पारशी, बनिया अशा व्यापारी लोकांची दाट वस्ती. कोटाबाहेर भुलेश्वर, गिरगाव, मांडवी अशा वस्त्या वाढत होत्या. कुलाबा हे तर वेगळे बेटच होते. तेथे गोऱ्या फौजेची छावणी होती, पण मधली खाडी भरतीला ओलांडता येत नसे. कुलाब्याचा बांधरस्ता पुढे १८३८ साली पुरा झाला.

अशा दाट वस्तीत मोकाट कुत्री असणारच. उकिरडे उघडे, गटारे उघडी, बाजारातली घाण रस्त्यावर. त्यात भीती होती ती पिसाळलेल्या कुत्र्याची. आज आपल्याला लस ठाऊक आहे. पण पाश्चर यांनी माणसाला पहिली लस टोचली ती १८८५ साली, म्हणजे या प्रसंगानंतर पन्नासाहून अधिक वर्षांनी. १८३२ साली पिसाळलेले कुत्रे चावून रोग अंगात भिनला की त्या माणसाचे मरण ठरलेलेच, आणि तेही पाण्याला भिऊन, तडफडून. तेव्हा कुत्र्यांचा बंदोबस्त करावा असे सरकारला वाटले, यात गैर काहीच नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण न्याय करायचा तर दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत.

मोकाट कुत्री मारण्याचा नियम मुंबईत १८१३ पासून होता. वर्षातल्या ठराविक उन्हाच्या दिवसांत पोलिसांनी ती मारावीत आणि कुत्र्यामागे रोख इनाम घ्यावे, अशी रीत होती. लोक नाराज असत, पण थोड्या दिवसांचा मामला म्हणून गप्प बसत. १८३२ साली पोलिस मॅजिस्ट्रेटांनी ही मुदत वाढवली आणि मारण्याचे काम जून महिन्यातही चालू राहिले. आता पाहा, डोकी मोजून इनाम मिळायचे म्हटल्यावर शिपाई काय करील? मोकाट, लबाड कुत्रे हाती लागत नाही, ते गल्लीबोळांतून पळते. ओट्यावर निजलेले पाळीव कुत्रे मात्र सहज सापडते. झाले तसेच. सुक्याबरोबर ओलेही जळू लागले. लोकांच्या दारातली, अंगणातली कुत्री ओढून नेऊन मारल्याच्या तक्रारी उठल्या.

पारशी समाजाला ही गोष्ट फार लागली. जरथुष्ट्री धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. वेंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथात कुत्र्याविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. माणूस वारला की अंत्यविधीत प्रेताजवळ कुत्रे आणून त्याची दृष्टी प्रेतावर पाडतात. या विधीला ‘सगदीद’ म्हणतात. जे जनावर माणसाला शेवटचा निरोप देते, त्याला भर रस्त्यात दंडुक्याने मारलेले पाहून त्यांना काय वाटले असेल? जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांना तर कोणत्याही जिवाची हत्या वर्ज्य. आपल्याकडेही दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवमहाराज लहान पोरांनाही ठाऊक आहेत. सरकारच्या लेखी कुत्रे ही घाण होती, रयतेच्या लेखी तो जीव होता. वाकडे पडले ते इथेच.

६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्याच दिवशी कोटात कुत्री मारणे चालू होते. लोकांचा संयम सुटला. जमावाने कुत्री मारणाऱ्या दोन गोऱ्या शिपायांना गाठून मारहाण केली. दुसरा दिवस उजाडला तो हरताळ घेऊनच. कोटातली दुकाने बंद, व्यवहार बंद. सुमारे दोनशे पारशी जमले. त्यांना हिंदू, जैन आणि मुसलमानही येऊन मिळाले. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारा रोजचा शिधा त्यांनी अडवला, आणि ज्यांच्या जिवावर कोटाचा रोजचा गाडा चालायचा त्या लोकांना काम करू दिले नाही. साहेबाचा पाव, मांस, भाजी, दाणागोटा सारे या देशी हातांतून येई. ते हात थांबल्याबरोबर दक्षिण मुंबई ठप्प झाली. शेवटी सरकारने फौज बोलावली, जमाव पांगवला, धरपकड केली, आणि पुढे खटले चालून शिक्षाही झाल्या.

या दंग्याला काही ठिकाणी ‘पारशी-हिंदू दंगा’ असे नाव दिलेले आढळते. शिक्षकबंधूंनी ते वर्गात सांगताना जपावे. ऐकणाऱ्याला वाटते की पारशी व हिंदू एकमेकांवर उठले. घडले ते नेमके उलट. निरनिराळ्या धर्मांचे लोक एका बाजूला होते आणि दुसऱ्या बाजूला होता कोणालाही न विचारता काढलेला एक हुकूम.

दंगा शमला, पण प्रश्न सुटला नव्हता. तो सुटला तो नंतर, बोलण्याने. जमशेटजी जीजीभाई आणि शहरातले इतर शेटिये यांनी पुढाकार घेतला. त्यांनी दंगेखोरांची पाठराखण केली नाही. पण लोकांचे दुखणे सरकारपुढे अर्जाने मांडले, आणि कुत्री मारण्याऐवजी धरून शहराबाहेर न्यावीत, अशी तोड निघाली. सरकारलाही ती मानवली. आता विचार करा, हे बोलणे जूनच्या आधी झाले असते तर? शिपायांना मार बसला नसता, कोणी तुरुंगात गेले नसते, आणि कितीतरी राखणीची कुत्रीही वाचली असती.

या बोलण्याला पुढे एक गोड फळही आले. १८३४ साली जमशेटजी आणि जैन व्यापारी मोतीशा शेट यांच्या पुढाकाराने मुंबईत भुलेश्वरच्या बाजूला पांजरापोळ उभी राहिली. मोकाट, म्हाताऱ्या, लुळ्यापांगळ्या जनावरांना तेथे आसरा मिळाला. पैसा कोठून आला? व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लाग बसवून घेतली. दयेची गोष्ट तोंडाने बोलणे सोपे असते. तिच्यासाठी गल्ल्यात हात घालावा लागतो, तेव्हा ती खरी. ही पांजरापोळ आजही आहे, आणि त्या भागातल्या गल्ल्यांनाही तिचेच नाव आहे.

आणखी एक गोष्ट जोडून सांगण्यासारखी आहे. त्याच १८३४ सालाच्या सुमारास मुंबईत देशी गृहस्थांना प्रथमच ‘जस्टिस ऑफ द पीस’ नेमण्यात आले. त्यांत जमशेटजी होते आणि आपले नाना शंकरशेटही होते. त्यासाठीचा कायदा विलायतेत वेगळ्या कारणांनी झाला. दंग्यामुळे तो झाला असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण शहराचा कारभार शहरातल्या लोकांना विचारून चालवावा, ही जाणीव त्या काळात हळूहळू मूळ धरू लागली होती.

म्हणाल, एवढ्या जुन्या गोष्टीचे आज काय? श्रोतेहो, कुत्र्यांचा प्रश्न अजून तसाच आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने आजही माणसे मरतात, आणि त्यांत लहान मुले फार. मुंबईत कुत्री मारण्याची पद्धत १९९० च्या दशकापर्यंत चालू होती, तरी कुत्री संपली नाहीत. २००१ साली केंद्र सरकारने नियम केले की कुत्र्यांची नसबंदी करावी, लस टोचावी आणि त्यांना मूळ जागी सोडावे. २०२३ साली हे नियम नव्याने आले. त्यांत एक तरतूद मोठी शहाणपणाची आहे. वस्तीतल्या कुत्र्यांना खाऊ कोठे घालावा यावरून तंटा झाला, तर तो सोडवायला समिती बसवायची. तिच्यात जनावरांचा डॉक्टर असतो, पोलिसांचा माणूस असतो, प्राणिमित्र संस्थेचा प्रतिनिधी असतो, आणि वस्तीच्या संघटनेचा माणूस व ज्याची तक्रार आहे तोही असतो. खाऊ घालण्याची जागा मुले खेळतात तेथे किंवा जिन्यापाशी नसावी, हेही सांगितले आहे. १८३२ साली अशी एखादी बैठक झाली असती तर इतिहासात हा दंगा कदाचित नोंदलाच गेला नसता.

आता मोठ्या शहरांत कुत्र्यांसाठी वेगळी बाग करण्याची टूम निघाली आहे. अमेरिकेतील बर्कली गावी १९७९ साली अशी बाग झाली, आणि आपल्याकडे हैदराबादेत २०१८ साली. बाग म्हटली की कोणाची तरी जागा आली. म्हातारी माणसे म्हणतात, आमचे फिरणे गेले. आया म्हणतात, मुलांनी खेळायचे कोठे? शेजारी म्हणतात, रात्री भुंकण्याने झोप नाही. कुत्रे पाळणारा म्हणतो, मीही पट्टी भरतो, माझा हक्क नाही काय? यातले कोणाचेच म्हणणे खोटे नाही. म्हणूनच आधी विचारायचे असते.

खेड्यात कुत्र्यांची बाग कोणी मागणार नाही. धनगराचे कुत्रे माळावर मोकळेच असते. पण विचारण्याचा प्रश्न गावातही तोच आहे. उकिरडा कोठे हलवायचा, गायरानात काय बांधायचे, मोकाट जनावरांसाठी कोंडवाडा कोठे करायचा, हे पाचजणांनी चावडीवर ठरवून मोकळे व्हायचे, की ग्रामसभेत मांडायचे? वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्यात असा आपल्या राज्याचा कायदा आहे. पण सभेत फक्त सह्या होत असतील आणि मागच्या ओळीतल्या बाईला, वस्तीबाहेरच्या माणसाला तोंड उघडता येत नसेल, तर ते विचारणे नव्हे. विचारणे म्हणजे ठरवण्याआधी विचारणे. आणि ज्याला झळ लागणार आहे त्याला पहिल्यांदा विचारणे.

मुंबईच्या त्या मॅजिस्ट्रेटांचा हेतू वाईट नव्हता. लोकांचे जीव वाचावेत हाच होता. नुसत्या चांगल्या हेतूवर कारभार चालत नाही, एवढेच ही हकीकत सांगते. शिक्षकबंधूंनी ती मुलांना सांगावी आणि मग एकच विचारावे : तुम्ही त्या वेळी मॅजिस्ट्रेट असता, तर हुकूम काढण्याआधी कोणाकोणाच्या दारी गेला असता? मुले जी यादी करतील ती फळ्यावर लिहून ठेवावी. गावच्या कारभाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल.