आक्षीचा शिलालेख आणि गावची बोली

अलिबागेच्या दक्षिणेस, समुद्राला लागून, आक्षी हे लहानसे गाव आहे. त्याला लागून नागाव व पुढे चौल लागते. चौल प्राचीन बंदर म्हणून इतिहासास सुपरिचित आहे. परंतु मराठीच्या आरंभकाळाचा विचार करताना प्रथम आक्षीचे नाव घ्यावे लागते. येथील शिलालेखाचा काळ शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा ठरविला. शिलाहार राजा केसीदेवराय याच्या कारकिर्दीत प्रधान भइर्जू याने महालक्ष्मीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य नेमून दिल्याचा हा लेख होय.

शिलाहारांचे ताम्रपट संस्कृतात आढळतात. या लेखात मात्र ‘पश्चिम’ऐवजी ‘पसीम’, ‘श्री’ऐवजी ‘स्री’ येते. ‘प्रधानु’ हे उकारान्त रूप व ‘महालषुमीची’ हे षष्ठीचे रूप दिसते. संस्कृतज्ञास जी अशुद्धे वाटतील, तीच भाषाभ्यासकास बोलीचा पुरावा ठरतात. दान गावच्या देवीचे, ते पाळावयाचे गावकऱ्यांनी. तेव्हा लेखही त्यांना कळेल असाच हवा.

शकाच्या अंकांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. लेखात संवत्सराचे नाव ‘प्रधावी’ असे वाचले जाते, आणि शके ९३४ हे परिधावी संवत्सरच होते, ही गोष्ट तुळपुळे यांच्या वाचनास अनुकूल आहे. तथापि काळ अलीकडे ओढला, तरी आक्षीचा अग्रमान तेवढा जाईल. तिच्या बोलीची साक्ष खोटी ठरणार नाही.