पत्त्याची मिरास

नाशिकच्या द्वारका चौकात दोन मोठे रस्ते मिळतात: मुंबईहून आग्र्याकडे जाणारा आणि पुण्याहून येणारा. सरकारी दप्तरात पहिल्याचा क्रमांक ३ होता, दुसऱ्याचा ५०. २०१० साली केंद्र सरकारने देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले आणि ५० क्रमांकाचा पुणे रस्ता ६० क्रमांकाच्या महामार्गात सामावला. चौकातल्या रिक्षावाल्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. ते आधीही ‘आग्रा रोड’, ‘पुणे रोड’ म्हणत होते, आजही तेच म्हणतात. नंबर बदलला तरी नाव टिकलं, म्हणून कुणाचा रस्ता चुकला नाही.

याच चौकाजवळ माझ्या एका मित्राचं मालवाहतुकीचं ऑफिस आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याने टेबलाखाली एक छोटा सर्व्हर बसवला. मालेगाव, धुळे, भिवंडीच्या शाखा त्याला इंटरनेटवरून जोडल्या जात आणि बिल्ट्यांची नोंद तिथे होई. शाखांच्या संगणकांत या सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे टिंबांनी तोडलेले चार आकडे, टाकून ठेवलेले होते. पुढे सेवा नीट मिळेना, म्हणून मित्राने इंटरनेट कंपनी बदलली. सर्व्हर त्याच टेबलाखाली, त्याच भिंतीला टेकून होता, पण दुसऱ्या दिवशी मालेगावहून फोन आला, “शेठ, मशीन बंद आहे का?” मशीन चालू होतं, पत्ता बदलला होता. मित्राने जुन्या कंपनीला विचारलं, “तो नंबर मला ठेवता येईल का? हवं तर पैसे देतो.” उत्तर आलं, “नंबर आमचा आहे. तुम्हाला फक्त वापरायला दिला होता.”

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. जुने टपाल-शिक्के, नकाशे आणि जमिनीचे कागद हा माझा छंद. पण ‘नंबर आमचा, तुम्हाला वापरायला’ हे वाक्य ऐकलं आणि वाटलं, ही भाषा आपण कुठेतरी वाचली आहे. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली एल्फिन्स्टनने दख्खनच्या मुलखावर जो अहवाल लिहिला, त्यात कुणब्यांचे दोन वर्ग सांगितले आहेत: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. सारा भरला की त्याला कोणी उठवू शकत नसे आणि तो आपली मिरास विकूही शकत असे. उपरी मात्र कराराने कसणारा. मुदत संपली की जमीन सुटली. इंटरनेटच्या पत्त्यांतही मिरासदार आणि उपरी आहेत का, आणि असतील तर ही वाटणी कधी झाली, याचा मी शोध घेऊ लागलो.

आज बहुतांशी चालतो तो पत्ता १९८१ साली ठरला आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावर सक्तीचा झाला. तो बत्तीस अंशांचा, म्हणजे एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. त्या वेळी जाळ्यावर मोजक्याच संस्था होत्या, त्यामुळे हा साठा कधी संपेल असं कुणाला वाटलं नाही. नोंदवही कॅलिफोर्नियातला जॉन पोस्टेल हा संशोधक सांभाळत असे. वाटपाची मापं तीनच होती. मोठं माप १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्त्यांचं, मधलं ६५,५३६ पत्त्यांचं आणि छोटं २५६ पत्त्यांचं. मागेल त्याला गरजेच्या अंदाजाने माप मिळे. एमआयटी या विद्यापीठाला, आयबीएमला, फोर्ड या मोटार कंपनीला मोठी मापं मिळाली. त्यासाठी भाडं नव्हतं आणि करारही नव्हता. जोडणी कुणाकडूनही घ्या, पत्ता तुमचाच. ही खरी मिरास.

भारतातही ही मिरास थोडी आली. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ साली ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळं सुरू केलं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूला असलेलं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी होतं. त्यांच्या वाट्याला एक मधलं माप आलं, १४४.१६ ने सुरू होणारं. पवईच्या किंवा बंगळूरच्या जुन्या विद्यार्थ्यांना हे आकडे आजही पाठ असतील.

मग ही पद्धत मोडली का? पत्ते संपत आले, हे उत्तर नेहमी दिलं जातं. ते अर्धंच आहे. दुसरं कारण समजायला आपला पिनकोड बघावा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याची, जे संस्कृतचे कवीही होते. सहा आकड्यांपैकी पहिले तीन पाहिले की वर्गवारीचं काम होतं. ४२२ दिसलं की कोलकात्याचा कर्मचारी पत्र नाशिकच्या थैलीत टाकतो. पुढचे तीन आकडे त्याने वाचायची गरज नाही, नाशिकला वाचले जातील. आता समजा, नाशिकचा एक गृहस्थ नागपूरला राहायला गेला आणि म्हणाला, माझा पिनकोड मी सोडणार नाही. तर देशातल्या प्रत्येक वर्गवारी कार्यालयाला लक्षात ठेवावं लागेल की ४२२ म्हणजे नाशिक, हा एक गृहस्थ सोडून. असे दहा लाख गृहस्थ निघाले, तर पिनकोडचा उपयोगच संपला.

इंटरनेटवर वर्गवारी करणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात. मोठ्या राउटरांजवळ जगातल्या सगळ्या जाळ्यांची यादी असते: या पत्त्यांचा माल या दिशेला. मिरासीच्या पद्धतीत प्रत्येक संस्थेची यादीत स्वतंत्र ओळ लागे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही यादी इतक्या वेगाने वाढली की राउटरांची स्मृती पुरेना. १९९३च्या सप्टेंबरमध्ये नवा नियम आला. तीन ठरावीक मापं रद्द झाली. यापुढे पत्त्यांचा मोठा गठ्ठा सेवा देणाऱ्या कंपनीला द्यायचा आणि तिने त्यातून ग्राहकांना तुकडे द्यायचे. बाहेरच्या जगाला कंपनीची एकच ओळ दिसणार. द्वारकेवरच्या पाटीवर ‘धुळे’ एवढंच लिहिलेलं असतं, वाटेतल्या प्रत्येक वाडीचं नाव नसतं, तसंच हे.

याचा उघड परिणाम असा की ग्राहकाने कंपनी सोडली की पत्ता सुटला. १९९६च्या ऑक्टोबरमध्ये याकोव्ह रेख्तर आणि टोनी ली या दोघा तज्ज्ञांनी हे एका टिपणात स्पष्ट मांडलं. पत्त्यांचं वाटप दोन प्रकारे होऊ शकतं, मालकीने किंवा उसनवारीने; आणि इंटरनेट वाढायचं असेल तर बहुतेकांना उसनवारीच स्वीकारावी लागेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. मिरासदार आणि उपरी हेच ते दोन शब्द, आणि तारीखवार लिहिलेले. त्याच सुमारास अमेरिकेतली स्प्रिंट ही बडी कंपनी नव्या पत्त्यांचे फार लहान तुकडे आपल्या यादीत घेईनाशी झाली. नियम कागदावर असो वा नसो, रस्ता ज्यांच्या हातात होता त्यांनी तो लागू केला.

आता भारताची तारीख पाहा. विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे मिरास बंद झाल्यावर दोन वर्षांनी. पहिल्या ग्राहकांना मिळालेले २०२.५४ ने सुरू होणारे पत्ते निगमच्या गठ्ठ्यातले. पुढे २००२ साली निगमचं व्यवस्थापन टाटांकडे गेलं, तेव्हा हे गठ्ठेही कंपनीबरोबर गेले. गठ्ठा मालकाबरोबर चालला, ग्राहक मात्र गेला तर रिकाम्या हातांनी. आपल्याकडच्या छोट्या छापखान्याने, पतसंस्थेने, वाहतूकदाराने पत्त्याची मालकी कधी गमावलीच नाही, कारण ती त्याला कधी मिळालीच नव्हती. आपण आलो तेव्हा वतनं वाटून झाली होती.

हा प्रश्न एकदा कोर्टातही गेला. २००४ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत एका ग्राहक कंपनीने सेवा बदलताना जुने पत्ते बरोबर नेऊ द्यावेत अशी मागणी केली आणि न्यायालयाने तात्पुरता आदेश तिच्या बाजूने दिला. जगभरच्या जाळेचालकांत खळबळ उडाली. ग्राहकाची अडचण खोटी नव्हती. पण प्रत्येकाला असा आदेश मिळाला, तर यादीचं काय होईल, ही भीतीही खोटी नव्हती.

इथे वाचक विचारतील, मोबाइलचा नंबर कसा काय ठेवता येतो? हरियाणात २५ नोव्हेंबर २०१० रोजी आणि देशभर २० जानेवारी २०११ रोजी ती सोय सुरू झाली. ३ जुलै २०१५ पासून तर राज्य बदललं तरी नंबर तोच राहतो. यातली मेख अशी की आपला मोबाइल नंबर आता पत्ता राहिलेलाच नाही, तो नाव झाला आहे. फोन लावताना आधी एका यादीत पाहिलं जातं की हा नंबर सध्या कोणाकडे आहे, आणि खरा रस्ता त्यानंतर ठरतो. एका फोनसाठी एकदा पाहिलं की झालं. राउटरला मात्र दर सेकंदाला लाखो पाकिटांचा निर्णय करायचा असतो. तिथे अशी चौकशी परवडत नाही.

इंटरनेटवरही नावाची यादी आहे आणि ती मिरास मोडण्याच्या दहा वर्षं आधीची आहे. पॉल मोकापेट्रिस याने १९८३ साली तिची रचना मांडली. संकेतस्थळाचं जे नाव आपण लिहितो, ते या यादीत शोधलं जातं आणि त्या क्षणीचा आकडी पत्ता मिळतो. नाव आपल्या नावावर नोंदवता येतं, दर वर्षी शुल्क भरून टिकवता येतं आणि कंपनी बदलली तरी बरोबर नेता येतं. सर्व्हर हलवण्याची जाणत्यांची रीत यावरच उभी आहे. नावाचं उत्तर बाकीच्यांनी किती वेळ लक्षात ठेवायचं, याची मुदत आधी काही मिनिटांवर आणायची. जुनी आणि नवी जोडणी काही दिवस शेजारी-शेजारी चालू ठेवायची. मग यादीतला आकडा बदलायचा. जुन्या पत्त्यावर येणारी पाकिटं नव्या पत्त्यावर पाठवायची सोयही करता येते. गाव सोडलेल्या माणसाची पत्रं टपाल खातं नव्या पत्त्यावर पाठवतं, तशीच. पण त्यासाठी जुनं बिऱ्हाड काही काळ भाड्याने ठेवावंच लागतं.

जुन्या मिरासींचं पुढे काय झालं? जागतिक कोठारातले शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले आणि त्याच वर्षी दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले. फुकट मिळालेलं वतन आता बाजारात आलं होतं. २०१७ साली एमआयटीने आपल्या मापातले सुमारे ८० लाख पत्ते विकायला काढले. याउलट स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपलं मोठं माप २००० साली, बाजार सुरू होण्याआधीच, परत करून टाकलं होतं. तेही नोंदवायला हवं.

आज भारतात कुणाला स्वतःचे पत्ते हवेच असतील, तर वाट पूर्ण बंद नाही. २००३ साली स्थापन झालेल्या निक्सी या संस्थेच्या छत्राखाली २०१२पासून भारतीय नोंदणी कार्यालय आहे. अर्ज, कारण आणि वार्षिक शुल्क दिलं की २५६ पत्त्यांचा लहान गठ्ठा मिळू शकतो. रुग्णालय किंवा बँक ते करू शकते, टेबलाखाली एक सर्व्हर ठेवणाऱ्याला ते परवडत नाही. पत्त्यांची नवी, लांबलचक पद्धत आली आहे आणि तिथे तुटवडा नाही. पण यादी लहान ठेवण्याची गरज तिथेही आहे, म्हणून उसनवारीचा नियम तिथेही आहे. जुन्या पत्त्यांची जागतिक यादी आजच नऊ लाख ओळींच्या पुढे गेली आहे. १९९४ साली ती वीस हजारांच्या आसपास होती.

म्हणून मित्राला मिळालेलं उत्तर नियमाला धरून होतं, हे मला मान्य करावं लागलं. नियमामागचं कारणही खरं होतं. खटकतं ते एवढंच, की त्याला नंबर देताना हे कुणी सांगितलं नाही. भाडेकरूला भाडेकरू आहेस असं आधी सांगितलं, तर तो भिंतीत खिळे ठोकताना विचार करतो. दोन दिवस मालेगाव-धुळ्याच्या बिल्ट्या हाताने लिहाव्या लागल्या, गाड्या उशिरा सुटल्या, हमाल बसून राहिले. ती किंमत त्यांनी मोजली.

आपल्याकडे १९४७च्या कायद्याने जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तरी गावात विचारा, शेताला अजून जुन्याच नावाने हाक मारतात. मित्राने पुढे वर्षाला काही शे रुपये भरून एक नाव नोंदवलं आणि शाखांच्या संगणकांत आकड्यांऐवजी ते टाकलं. त्यानंतर त्याने कंपनी दोनदा बदलली, आकडे दोनदा बदलले. मालेगावला विचारलं तर त्यांना ते कळलेलंही नव्हतं.