आवाजाचा लगाम

चंडीगडच्या विधानभवनातील मोठे सभागृह बाहेरून एखाद्या वीजकेंद्राच्या शीतक-मनोऱ्यासारखे दिसते. ल कॉर्ब्युझिए यांनी तो आकार अशाच मनोऱ्यांवरून घेतला होता. १९६६ मध्ये राज्याची फेररचना झाली, तेव्हा या वास्तूत पंजाब आणि हरियाणा अशा दोन विधानसभा नांदू लागल्या आणि हे सभागृह पंजाबकडे राहिले. अशा उंच पोकळीत उच्चारलेला शब्द लवकर विरत नाही; म्हणून तिच्या भिंतींवर ढगांच्या आकाराचे रंगीत ध्वनिशोषक फलक बसविले गेले. शेजारच्या उच्च न्यायालयात हेच काम लोकरीच्या भव्य चित्रपटांकडे सोपविण्यात आले.

परंतु भिंतींना शिस्त लावली, तरी अर्धेच काम होते. एवढ्या विस्तारात नुसता कंठ पुरत नाही, आणि लाउडस्पीकर आला की दोष बहुधा त्याच्याच माथी मारला जातो. तो आवाज त्याचा एकट्याचा नसतो, हे ध्यानात येण्यास मात्र काही दशके जावी लागली.

१९२५ मध्ये अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या वेटोळ्याचा लाउडस्पीकर सिद्ध केला. चुंबकाच्या फटीत तारेचे हलके वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू, अशी त्याची रचना. स्वर थांबला तरी शंकू आपल्या स्वाभाविक कंपनाने थरथरत राहू पाहतो. त्या वेळी चुंबकक्षेत्रात हलणारे वेटोळे स्वतःच वीज निर्माण करते. तिला परतीची सुलभ वाट मिळाली, तर तिचाच प्रवाह शंकूला आवरून धरतो. ही वाट अ‍ॅम्प्लिफायरमधून जाते. त्या वाटेवरील अडथळा, म्हणजेच अ‍ॅम्प्लिफायरचा निर्गम-संरोध, मोठा असेल, तर खालचे स्वर घुमतात आणि त्या घुमाऱ्यात व्यंजने बुडतात. मोकळ्या लाउडस्पीकरच्या शंकूवर टिचकी मारावी. मग त्याची दोन टोके तारेने जोडून पुन्हा मारावी. दुसरा आवाज आखूड आणि कोरडा येतो.

१९२६ मध्ये फिलिप्स कंपनीच्या बर्नार्ड टेलेगेन यांनी पेंटोड हा व्हॉल्व्ह शोधून काढला. थोडक्या विजेत तो अधिक काम देई. पण त्याचा अंतर्गत संरोध फार मोठा. काटकसर साधली, पकड मात्र सुटली. यावरील उपाय भलत्याच दिशेने आला. २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीत, बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक यांनी वर्तमानपत्राच्या पानावर एक आकृती काढली. अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही अंश उलटा करून पुन्हा आरंभी आणावा, म्हणजे चूक आपोआप दुरुस्त होईल, अशी ती कल्पना होती. त्यांचे लक्ष दूरध्वनीच्या लांब तारांवर होते. या निगेटिव्ह फीडबॅकचे पेटंट त्यांना १९३७ मध्ये मिळाले. १९४७ मध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या आराखड्याने हेच तत्त्व लाउडस्पीकरला लगाम घालण्यासाठी जगभरच्या हौशी मंडळींपर्यंत पोहोचविले. मोठ्या सभागृहांत त्याचा आणखी एक लाभ झाला. एकाच तारेवर अनेक लाउडस्पीकर असले आणि त्यांतील काही बंद केले, तरी उरलेल्यांचा आवाज एकाएकी चढत नाही.

तथापि लगाम धरणाऱ्या हाताला बळ हवे. ते वीजपुरवठ्यातून येते. भाक्रा धरणाची जी वीज चंडीगडला मिळते, ती सेकंदाला ५० आवर्तनांची. ती एकदिश केल्यावर सेकंदाला १०० उसळ्या उरतात. धारित्रांनी त्या गिळल्या नाहीत, तर बोलण्याखाली गुणगुण ऐकू येते. वक्त्याचा आवाज चढला, की क्षणभर मोठा प्रवाह लागतो. पुरवठा दुबळा असेल, तर दाब खचतो, ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि शब्द फाटतो. छाटलेला माथा फीडबॅकलाही परत आणता येत नाही.

संरोध कमी करीत जाण्यालाही मर्यादा आहे. ८ ओहमच्या लाउडस्पीकरमध्ये वेटोळ्याचा स्वतःचाच रोध सुमारे ६ ओहम असतो; त्यापुढे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अंशमात्र सुधारणा करून लांब, बारीक तार जोडली, तर कमावलेले सारे तारेतच जाते. विधिमंडळात शेवटच्या बाकावरील सदस्याला शब्द स्पष्ट ऐकू न आला, तर तो मत कशावर देणार? म्हणून भिंतीवरच्या फलकाइतकीच निगा भिंतीमागच्या तारेची आणि धारित्राचीही राखावी लागते.