बटणाला विचारा: ‘कॉन्फिगर’ची कुळकथा

टीके या टूलकिटमध्ये एक बटण तयार करावं आणि ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा देऊन त्याला त्याची पार्श्वभूमी विचारावी. एका रंगाचं नाव येईल, अशी आपली अपेक्षा असते. येते मात्र पाच घटकांची यादी. आधी ऑप्शनचं नाव, मग डेटाबेसमधलं नाव, मग डेटाबेसमधला वर्ग, त्यानंतर मूळचं मूल्य, आणि आत्ताचं मूल्य सगळ्यांत शेवटी. सातबाऱ्याचा उतारा काढल्यासारखं हे उत्तर आहे. नवशिक्याला ते अवजड वाटतं. मला मात्र संगणकाच्या इंटरफेसचा इतिहास इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी जागा ठाऊक नाही, कारण यादीतले दुसरा आणि तिसरा हे दोन घटक टीकेचे नाहीतच. ते त्याला वारशाने मिळाले आहेत.

हा वारसा अमेरिकेतल्या एमआयटीचा. 1983 मध्ये तिथे डिजिटल आणि आयबीएम या कंपन्यांच्या मदतीने प्रोजेक्ट अथीना सुरू झाला. विद्यार्थी वेगवेगळ्या बनावटीच्या वर्कस्टेशनवर बसणार, तरी त्यांना सगळीकडे सारख्याच खिडक्या दिसाव्यात, अशी गरज होती. 1984 मध्ये बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टीम उभी केली. पण एक्सला माहीत होत्या फक्त खिडक्या, रेषा आणि कळा. बटण, मेनू, स्क्रोलबार यांची त्याला ओळख नव्हती. त्यासाठी वरचा थर लागला, तो म्हणजे एक्स टूलकिट इंट्रिन्सिक्स, थोडक्यात एक्सटी.

एक्सटीमधला विजेटचा, म्हणजे बटण, मेनू अशा घटकाचा, प्रत्येक वर्ग स्वतःबरोबर एक तक्ता आणतो. गुणधर्माचं नाव, वर्ग, प्रकार, तो किती बाइट्सचा, विजेटच्या नोंदीत कितव्या बाइटवर बसतो, आणि कुणी काहीच सांगितलं नाही तर मूल्य काय धरायचं, हे सगळं त्या तक्त्यात. तक्ता हाताशी असल्यामुळे विजेटचं पोट न उघडता बाहेरून गुणधर्माचं मूल्य बदलता येऊ लागलं. आणि बाहेरून म्हणजे फक्त प्रोग्रामरने नव्हे. वापरणारा आपल्या होम डिरेक्टरीतल्या ‘एक्सडिफॉल्ट्स’ फाइलमध्ये एक ओळ लिहून सगळ्या खिडक्या निळ्या करू शकत होता, किंवा नेमकं एकच बटण लाल. एकट्या गुणधर्माला हात घालायला नाव, त्याच्या सगळ्या भावंडांना एकदम हात घालायला वर्ग. अशा ओळींच्या डेटाबेसमधलं हे नाव आणि वर्ग म्हणजेच टीकेच्या यादीतले ते दोन घटक. ज्याच्याकडे प्रोग्रामचा सोर्स नाही, त्यालाही रंग बदलण्याचा हक्क आहे, हा विचार या दोन रकान्यांमागे आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

प्रोग्रामरची वाट मात्र काटेरी होती. मूल्य बदलायचं तर सी भाषेत नाव-मूल्याच्या जोड्यांचा अ‍ॅरे भरायचा आणि तो एक्सटी-सेट-व्हॅल्यूज या फंक्शनला द्यायचा. अ‍ॅरे भरणारा मॅक्रो आपल्या पहिल्या आर्ग्युमेंटचं मूल्य दोनदा काढतो, म्हणून मोजणी वाढवण्याचं काम त्याच्या आत लिहिलं की घात. वाचणं तर आणखी जोखमीचं. उत्तर ठेवायच्या जागेचा पत्ता द्यायचा, आणि तो चुकीच्या आकाराच्या चलाचा निघाला तर शेजारची मेमरी खराब होणार.

इथे बर्कलीचे प्राध्यापक जॉन औस्टरहाउट येतात. चिप डिझाइनची साधनं बनवताना प्रत्येक साधनासाठी नवी आज्ञाभाषा लिहायची वेळ येई आणि ती भाषा दुबळीच राही. म्हणून 1988 मध्ये त्यांनी टिकल ही भाषा लिहायला घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टीके. 1991 च्या यूजनिक्स परिषदेत टीकेवरचा त्यांचा निबंध आला.

तक्त्याची कल्पना त्यांनी ठेवली, वाट बदलली. टिकलमध्ये सगळं काही अक्षरांची माळ, म्हणजे स्ट्रिंग, त्यामुळे पत्ते आणि बाइट्सची भानगड प्रोग्रामरपुरती संपली. विजेट तयार करताना जे ऑप्शन लिहायचे, तेच पुढे बदलताना, त्याच लिखावटीत. ‘कॉन्फिगर’ला नाव आणि मूल्य दिलं तर ते बदलतं. नुसतं नाव दिलं तर माहिती सांगतं. काहीच दिलं नाही तर सगळ्या ऑप्शनची यादी पुढे ठेवतं. म्हणजे अनोळखी विजेट समोर आलं तरी त्याच्याकडूनच त्याची माहिती काढता येते. ‘विश’ या शेलमध्ये ओळ टाइप करावी आणि समोरचं बटण तिथल्या तिथे बदलावं, कंपाइल करायला नको. ‘सेंड’ या आज्ञेने तर त्याच डिस्प्लेवर चाललेल्या दुसऱ्या टीके प्रोग्रामच्या बटणालाही विचारता येई.

बदल झाला की लगेच चित्र काढलं जात नाही, हेही सांगायला हवं. टीके ते काम मोकळ्या क्षणावर ढकलतं, म्हणून सलग दहा ऑप्शन बदलले तरी बटण एकदाच रंगवलं जातं.

वारशात काही गमतीच्या खुणाही उरल्या. सक्रिय बटणाच्या पार्श्वभूमीचा डेटाबेसमधला वर्ग आहे ‘फोरग्राउंड’! ही चूक वाटते. पण काळ्या-पांढऱ्या पडद्यावर टीकेच्या सक्रिय बटणाची मूळ पार्श्वभूमी काळी असे, म्हणजे एरवी जो अक्षरांचा रंग तोच, हे कळलं की त्या वर्गाची संगती लागते.

सुरुवातीची काही वर्षं फक्त आत्ताचं मूल्य हवं असलं तरी पाच घटकांची यादी मागवून तिच्यातून शेवटचा घटक वेगळा काढावा लागे. 1995 च्या टीके 4.0 मध्ये ‘सीगेट’ आलं आणि ही कटकट मिटली. सोय मोठी झाली, यात वाद नाही. पण सीगेटची सवय लागलेल्या पिढीला मूळचं मूल्यही विचारता येतं, हे बहुधा ठाऊकच नसतं. बटण पुन्हा पूर्वीसारखं करायचं असतं तेव्हा लोक जुना रंग आपल्या चलात जपून ठेवतात. विजेटच्या उत्तरात चौथ्या जागी मूळ रंग असतोच.

पायथनच्या टीकिंटरने हे सगळं आपल्या भाषेत आणलं. तिथे विजेटपुढे चौकटी कंसात ऑप्शनचं नाव लिहिलं की वाचता येतं, आणि बरोबरचं चिन्ह लावून मूल्य दिलं की बदलता येतं. आत डोकावलं तर वाचणारा चौकटी कंस म्हणजे सीगेटच, आणि बदलणारा कंस कॉन्फिगरला हाक मारतो. आज पायथन शिकणारा विद्यार्थी आयडल हा एडिटर उघडतो, तेव्हा तो टीकिंटरवरच बांधलेल्या खिडकीत टाइप करत असतो.

2007 मध्ये टीके 8.5 बरोबर थीमवाले विजेट आले, आणि बटणाचा रंग बटणाकडून काढून शैलीकडे सोपवला गेला. अशा बटणाला पार्श्वभूमी विचारली तर असा ऑप्शनच माहीत नाही, अशी त्रुटी येते. रंग हवा असेल तर शैलीचं नाव घेऊन ‘लुकअप’ करावं लागतं, आणि सोबत बटणाची अवस्थाही सांगता येते, कारण माउस वर असताना, दाबलेलं असताना आणि बंद असताना शैली वेगवेगळा रंग देऊ शकते.