ॲस्बेस्टस, इमारतींतील
तंतुरूप सिलिकेटी खनिजांच्या एका गटाला ॲस्बेस्टस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न विझणारे’ असा आहे. अग्निरोधकता व बळकटी यांमुळे विसाव्या शतकात ब्रिटनमधील शाळा, रुग्णालये व घरे यांच्या बांधकामात त्याचा विपुल वापर झाला.

त्याच्या धुळीचा धोका मात्र आधीच लक्षात आला होता. कारखाना-निरीक्षक ल्यूसी डीन यांनी १८९८ सालच्या अहवालात धुळीतील काचेसारख्या तीक्ष्ण कणांची नोंद केली. १९२४ मध्ये डब्ल्यू. ई. कुक यांनी रॉचडेल येथील एका स्त्री-कामगाराच्या मृत्यूचे विवेचन केले. फुप्फुसे ताठर करणाऱ्या या रोगास पुढे ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव मिळाले. १९३१ चे नियम कारखान्यातील ठराविक प्रक्रियांपुरतेच होते. इमारतींत हा माल कापणारे व बसविणारे कामगार सामान्यतः त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. १९५५ मध्ये रिचर्ड डॉल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाशी, तर १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत जे. सी. वॅग्नर व सहकाऱ्यांनी फुप्फुसावरणाच्या कर्करोगाशी (मेसोथेलिओमा) ॲस्बेस्टसचा संबंध दाखविला. वॅग्नर यांच्या ३३ रुग्णांत खाणीत कधीही काम न केलेले, केवळ त्या परिसरात राहिलेले लोकही होते.

ब्रिटनने निळ्या व तपकिरी ॲस्बेस्टसवर १९८५ मध्ये, तर पांढऱ्यावर १९९९ मध्ये बंदी घातली. तथापि जुन्या इमारतींत ते शिल्लक आहे. अखंड स्थितीत त्याचा धोका अल्प असतो. छिद्रे पाडताना, कापताना किंवा इमारत पाडताना तंतू हवेत मिसळतात. रोग प्रकट होण्यास अनेक दशके लागत असल्याने बंदीनंतरही मृत्यू होत राहिले. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टसयुक्त सिमेंटचे पत्रे अद्याप छपरांसाठी वापरले जातात.