क्वार्टरची किल्ली

दीपनगरात घराला कुणी घर म्हणत नाही, क्वार्टर म्हणतात. भुसावळजवळचं औष्णिक वीज केंद्र आणि त्याच्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेली ही वसाहत. आधी ती वीज मंडळाची होती, 2005 मध्ये मंडळाचं विभाजन झाल्यापासून महानिर्मितीची. क्वार्टर नोकरीसोबत मिळतं आणि नोकरीसोबतच जातं. त्यात राहणाऱ्याला घरभाडे भत्ता मिळत नाही. निवृत्तीनंतर किल्ली परत करायची आणि मग पहिल्यांदा स्वतःच्या घराचा हिशोब मांडायचा. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत तर ही रीत त्याहून जुनी.

आज सरकारी घोषणांमध्ये 'हक्काचं घर' म्हणजे मालकीचं घर. पण सुरुवातीला तसं नव्हतं. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने संरक्षण दिलं ते भाडेकरूला. 1948 मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाने कामगारांसाठी भाड्याच्या चाळी बांधल्या. पुढे दिशा बदलली. 1960 च्या सहकारी संस्था कायद्याने सोसायट्यांना आधार दिला, 1963 च्या कायद्याने फ्लॅट विकणाऱ्यांवर बंधनं आणली. 1977 मध्ये म्हाडा आली आणि सरकारी घर म्हणजे लॉटरीत लागणारं, विकत घ्यायचं घर असं समीकरण हळूहळू पक्कं झालं.

थेट घरं बांधून देण्याचा मोठा प्रयोग खानदेशातही झाला. 1990 च्या दशकाच्या अखेरीस जळगाव नगरपालिकेने हुडकोचं कर्ज काढून झोपडपट्टीवासीयांसाठी 11 हजारांहून जास्त घरकुलं बांधायला घेतली. त्यातली बहुतेक पूर्ण झालीच नाहीत. 2006 मध्ये गुन्हा दाखल झाला आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवलं. त्याविरुद्ध अपिलंही झाली. पण कर्ज शहराच्या डोक्यावर बसलं आणि ज्यांच्या नावाने ते काढलं, त्यातले बरेच जण झोपडीतच राहिले.

सवलत देणं त्यामानाने सोपं. ना कंत्राटदार, ना अर्धवट खांब. कोविडकाळात, 1 सप्टेंबर 2020 पासून राज्याने मुद्रांक शुल्क चार महिन्यांसाठी 3 टक्क्यांनी कमी केलं, नंतर मार्च 2021 पर्यंत 2 टक्क्यांनी. 1 एप्रिल 2021 पासून महिलेच्या नावावर घर घेतल्यास 1 टक्का सूट आली. तिचा फायदा खरा आहे, सातबाऱ्यावर किंवा करारनाम्यावर बाईचं नाव सहज येत नाही अशा भागात तर नक्कीच.

पण जरा गणित करू. 3 टक्के म्हणजे 30 लाखांच्या घरावर 90 हजार, 3 कोटींच्या घरावर 9 लाख. ज्याची ऐपत मोठी, त्याला सरकारची मदतही मोठी. शिवाय ही सूट मिळते ती खरेदीच्या दिवशी. डाउन पेमेंटच जमत नसेल, तर तो दिवस उजाडतच नाही.

अटी घालता येत नाहीत असं नाही. पंतप्रधान आवास योजनेतल्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांना राज्याने मुद्रांक शुल्क फक्त 1000 रुपये ठेवलं. उत्पन्न बघून सवलत देता येते, हे सरकारला माहीत आहे. मग सरसकट सवलतीत सोडून दिलेल्या पैशातून थोडी भाड्याची घरं का बांधू नयेत? दीपनगरातली किती तरी मुलं मालकीशिवाय, पण डोक्यावरच्या छपराची काळजी न करता शिकून मोठी झाली. ते छप्परही सार्वजनिक पैशातूनच उभं राहिलं होतं.